चाळीस मिलिमीटर

फैजपूरच्या कॉलेजात फळ्यापुढे चौदा वर्षं,
त्याआधी अठरा वर्षं हेल्मेटखाली.
पोरं बुटांवरून ओळखतात.
आणि यावरूनही, की फळ्यावर
मी आधी टेकू काढतो, मग तुळई.

पहिल्याच तासाला विचारतो:
घड लागलेली केळ वाऱ्यात कुठून मोडते?
अर्ध्या वर्गाच्या घरी बागा.
'कमरेतून,' म्हणतं कुणी.
'बुडातून, सर, पाणी जास्त झालं असंल तर.'
'मग टेकू कुठं लावता?'
हात वर होतात. बांबू किती तिरपा,
पट्टी घडाच्या वर की खाली, यावर भांडणं.
पुस्तकातलं ब्याण्णवावं पान
त्यांना आधीच येत असतं,
फक्त त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नसतं.

इथं पारा शेहेचाळीसवर जातो.
पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात बहुतेक धुकं असावं.
मी सांगतो: मे महिन्यात स्लॅब रात्री टाका,
खडी झाकून ठेवा, पाण्यात बर्फाची लादी फोडा,
आणि पुढचे चौदा दिवस
रुमलीबाई पावरासारखं कुणीतरी शोधा.
ती पहाटे तीनला उठून गोणपाट भिजवायची,
काँक्रीटवर तळहात ठेवून सांगायची,
'ताप उतरला नाही अजून.'
तिचं नाव कुठल्या कोनशिलेवर नाही.
प्रश्नपत्रिकेतही नाही.
मी सात मार्कांना क्युरिंग विचारतो.

दरवर्षी जानेवारीत तिसऱ्या वर्षाची बस
सुकीच्या पुलावर नेतो.
नदीचं नाव सुकी, पण सातपुड्यात रात्री पाऊस झाला
की सकाळी ती ओंडके घेऊन येते.
तो पूल माझा. म्हणजे माझ्या सहीचा.
आजवर वरूनच दाखवायचो.
यंदा पात्रात उतरवलं, तिसऱ्या गाळ्याखाली उभं केलं,
वर बघा म्हटलं.
वर एक तपकिरी रेघ, सांडलेल्या चहासारखी,
एका सळईच्या लांबीची.

'गंज,' हेमांगी झोपे म्हणाली.
'का?'
'आवरण कमी पडलं असंल.'
'किती हवं?'
'चाळीस मिलिमीटर, सर,' सगळा वर्ग, पाढ्यासारखा.

मग मी सांगितलं.
त्या रात्री कव्हर ब्लॉक संपले होते.
मिक्सर फिरत होता, साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते.
हिरामण मिस्त्रीनं विचारलं,
'सळईखाली खडी टेकवू का?'
वीसची खडी.
मी घड्याळ बघितलं. म्हटलं, टेकव.

पूल पडत नाही असल्यानं.
हिशेब आजही बसतो, परवाच पुन्हा करून पाहिला.
हवा मात्र हिशेब करत नाही,
ती रोज थोडी थोडी आत जाते.

नितेश वारकेनं दगडावर चढून हातोडीनं ठोकून पाहिलं:
टण, टण, टण,
बद्द.
'सर, बिल पास झालं होतं?'
'झालं होतं रे भो.'
कुणीतरी वहीत काही लिहिलं.
काय लिहिलं, विचारलं नाही.

बांधकाम विभागाला पत्र पाठवलं, फोटो जोडून:
गाळा क्रमांक तीन, दुरुस्ती आवश्यक,
कारण, आवरण निम्मं.
खाली माझं तेव्हाचं पद आणि आताची सही.
चौथ्या महिन्यात उत्तर आलं:
'आपले पत्र संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे.'
संबंधित मीच की.

रविवारी स्कूटरवर एकटा जाऊन आलो.
वरून केळीचे ट्रक चालले होते उत्तरेला.
प्रत्येक ट्रकला पूल किंचित वाकायचा, परत यायचा.
वाकायलाच हवा, हे मीच शिकवतो.
नितेशच्याच दगडावर चढलो, गुडघे कुरकुरले,
रेघेच्या दोन्ही टोकांना खडूनं तारीख टाकली,
पुढच्या खेपेला कुठवर आली ते कळावं म्हणून.
खडू कॉलेजचा होता.